मेमरी भरपूर, आवाज फुकट

संगणक कसा निवडावा हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही, याबद्दल इंजिनिअरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नोकरी सोडून त्याने राहत्या घराच्या मागच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं होतं. लोखंडी वस्तू बनवण्याआधीच ती कुठे वाकेल, कुठे तडकेल, ते संगणकावर आकडेमोड करून सांगायचं, हा त्याचा धंदा. पहिलं मोठं गिऱ्हाईकही दारात आलं होतं. परगावच्या एका कारखान्याला भल्यामोठ्या टाकीचे पाय भार पेलतील की नाही हे तपासून हवं होतं. पण जुना लॅपटॉप अर्ध्या वाटेत मेमरी संपली म्हणून मान टाकायचा.

या कामासाठी मुद्दाम बनवलेला नवा वर्कस्टेशन घ्यायचा, तर घरातली सगळी शिल्लक त्यात गेली असती. बायकोने भांडण न करता सांगितलं, की निम्मी शिल्लक तुझी, उरलेल्या निम्म्याकडे बघायचंही नाही. मग इंजिनिअरने अभ्यास केला. महागडं ग्राफिक्स कार्ड गेम खेळणाऱ्यांना लखलाभ, आपल्याला हवी मेमरी, असा निष्कर्ष काढला आणि जुन्या मालाच्या दुकानातून, कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला एक सर्व्हर घेऊन आला. आडवा, लांबलचक, दोन माणसांनी उचलायचा पत्र्याचा पेटारा. मेमरी म्हणाल तर समुद्र आणि भाव मातीमोल.

"लोक मूर्ख आहेत," तो बायकोला म्हणाला. "असली वस्तू टाकून देतात."

लोक मूर्ख नव्हते. दुकान होतं भर चौकात, बाहेर ट्रक घरघरत होते, तिथे पेटाऱ्याचा आवाज कोणाला येणार? घरी बटण दाबलं तसे त्याच्या पोटातले डझनभर चिमुकले पंखे एका सुरात किंचाळले. खिडकीची तावदानं थरथरली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि घरात कारखाना काढलाय का, म्हणून विचारू लागल्या. संगणक आहे, असं त्याने सांगितल्यावर त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याला स्वतःलाच ते खोटं वाटलं. त्याने पेटाऱ्यावर रजई घातली. पेटारा तापला आणि दुप्पट ओरडू लागला. एवढ्या गोंगाटात त्याचे वडील तेवढे खुर्ची ओढून खोलीच्या दारात बसले होते. त्यांना हटकायलाही इंजिनिअरला उसंत नव्हती, कारण गणित मात्र झकास चाललं होतं.

तेवढ्यात कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला.

"कसला आवाज आहे हा? विमानतळावर आहात का?"

मागच्या खोलीत रजईशेजारी उभं राहून पहिल्या गिऱ्हाइकाला खरं सांगायची हिंमत झाली नाही. "हो," तो म्हणाला.

"म्हणजे आमच्याकडेच निघालात? वा, याला म्हणतात तत्परता. उद्या सकाळी विमानतळावर गाडी पाठवतो."

गोंगाटात ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बायकोने सगळं ऐकलं होतं. विमानाच्या तिकिटाचं नाव निघण्याआधीच तिने शिल्लकीची आठवण करून दिली आणि बॅग भरायला घेतली.

तो बसने गेला. शेवटच्या बाकावर जागा मिळाली, तिथे प्रत्येक खड्डा त्याला जातीने भेटून गेला. पोचल्यावर मणक्यांची विचारपूस करत तो बसस्टँडवर उतरला, तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि रिक्षा करून थेट विमानतळ गाठला. विमानातून उतरलेल्या लोकांच्या घोळक्यात तो बाजूने हळूच शिरला. कारखान्याचा ड्रायव्हर त्याच्या नावाची पाटी धरून उभा होता. प्रवास कसा झाला, त्याने अदबीने विचारलं. जरा हादरे बसले, असं इंजिनिअर म्हणाला. त्या प्रवासाबद्दलचं तेवढं एकच वाक्य शंभर टक्के खरं होतं.

गणित बायकोच्या भरवशावर घरी चालूच होतं. ते संपल्याबरोबर तिने निकालाचं चित्र पाठवलं. टाकी काठोकाठ भरली की मागचे दोन पाय वाकणार होते. इंजिनिअरने ते चित्र मॅनेजरसाहेबांसमोर ठेवलं आणि कुठे जाड पत्रा घालायचा ते समजावून सांगितलं. टाकी पुढच्याच आठवड्यात बनायला जाणार होती आणि तिच्याखाली माणसं काम करणार होती. साहेबांनी तिथल्या तिथे कारखान्याच्या बाकीच्या सगळ्या टाक्यांचं काम त्याला दिलं, आणि उपकार म्हणून परत विमानतळावर सोडायला गाडीही दिली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलवत राहिला. मग रिक्षा केली, बसस्टँड गाठला.

परतीच्या वाटेवर त्याने पक्कं ठरवलं, की पहिले पैसे हातात पडले की गपगुमान एक शांत वर्कस्टेशन घ्यायचा आणि हा पेटारा मिळेल त्या भावात फुंकून टाकायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगाचं गाठोडं सांभाळत तो जिना चढला, तर आवाज खालपर्यंत येत होता. दार बायकोने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"गणित तर संपलंय. मग चालू कशाला ठेवलंय?" त्याने विचारलं.

तिने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. वडील खुर्चीत मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते. आई गेल्यापासून दुपारी त्यांचा डोळा लागलेला कोणी पाहिला नव्हता. घर फार शांत वाटतं, एवढंच ते म्हणत.

"काल दुपारीही असेच झोपले होते," बायको त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "मघाशी एकदा बंद केलं, तर दचकून उठले."

इंजिनिअरने पायातले बूट काढून हातात घेतले, बगलेत लॅपटॉप मारला आणि फोनवर बोलता येईल अशी जागा शोधत, चवड्यांवर चालत, स्वतःच्या ऑफिसातून बाहेर पडला. बाथरूम तेवढी रिकामी होती.