ढोले सर आणि गुलाबी लुगडं

ढगाशी भांडणारा माणूस मी एकच पाहिला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या सेलूच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे ढोले सर. शिकवताना ऊन गेलं, की ते खिडकीतून मान काढून ओरडत, "अबे, काऊन आला तू? मायं काम चालू हाय ना!"

काम चाले त्यांच्या गच्चीवर. गावाबाहेर कापड रंगवायचा कारखाना होता. त्याच्या नाल्याचं रंगीत पाणी सर डब्यांतून आणत, काचेच्या पसरट भांड्यांत ओतत आणि चिमूटभर पांढरी पावडर टाकत. ऑइलपेंटला पांढरेपणा देते, तीच. "ऊन लागलं का हे जागी होते," ते बाळ झोपल्यासारखं हळू सांगत, "मंग रंगाचे तुकडे तुकडे करते." मी त्यांचा सहकारी आणि शेजारीही. आमच्या वाळत्या चादरीची सावली भांड्यावर पडली, की सर चादर घेऊन दारात हजर. ढोले वहिनींच्या कुरडया तर कधीच गच्चीवरून हद्दपार झाल्या होत्या.

सुटीच्या दुपारी मीही तिथे बसे. लाल पाणी गुलाबी होई, गुलाबी फिकट होई, आणि डोळा लागून उघडावा तर भांड्यात नुसतं आभाळ.

एकदा सरांनी कारखान्याच्या शेठना आधीच्या आणि नंतरच्या पाण्याच्या बाटल्या दाखवल्या. शेठ म्हणाले, "सर, बाटलीचं बराबर हाय. पण नाला बाटलीत मावत नाई ना!"

"इतकं कशासाठी करता?" मी विचारलं.

"चला," म्हणाले. सायकलीवरून आम्ही नाल्याकाठच्या त्यांच्या गावी गेलो. तिथे त्यांची म्हातारी माय एकटी राही. बारा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून पांढरं लुगडं. नाल्यात धुऊन धुऊन ते गुलाबी झालं, बाया कुजबुजू लागल्या आणि मायनं भजनाला जाणं सोडलं. सरांनी तेच लुगडं नेऊन पावडरीच्या पाण्यात उन्हात ठेवलं होतं. आता त्यांनी ते पिशवीतून काढलं. पांढरंशुभ्र.

मायनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाबू, कोनं सांगतलं होतं तुले?"

"बाया हसत होत्या मनून तू भजन सोडलं ना, माय?"

"भजन सोडलं. लुगडं नाई सोडलं." ती पदरावरून हात फिरवत राहिली. "बारा सालानं आंगावर रंग आलता, बाबू."

सरांनी रिकाम्या पिशवीची घडी केली आणि सायकल काढली. सेलूत शिरल्यावर कापडाच्या दुकानापुढे त्यांनी सायकल उभी केली.

"गुलाबी लुगडं दाखवा," ते दुकानदाराला म्हणाले. "पक्क्या रंगाचं. कितीही ऊन लागलं तरी जाऊ नाई, असं."