दशकातला पहिला फायटर आणि अकरा ‘झो.’

माझा मेहुणा दशकातला पहिला फायटर ठरला असता, तर त्याला तीन गोष्टी मिळणार होत्या: क्लबच्या भिंतीवर सगळ्यात वर नाव, सकाळचा नवशिक्यांचा वर्ग आणि हॉलच्या वरची खोली. खोलीला स्वतंत्र न्हाणीघर होतं. मला एकच गोष्ट मिळणार होती, ती म्हणजे माझा सोफा. मेहुणा दोन वर्षांपूर्वी गावातली भाड्याची खोली सुटल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आला आणि त्याच्यावर जो आडवा झाला तो झालाच. त्याची उंची सोफ्यापेक्षा फूटभर जास्त. त्यामुळे उरलेले पाय खोलीच्या मधोमध, रेल्वेच्या फाटकासारखे. स्वतःच्या घरात पेपर वाचायला मला रोज ते फाटक ओलांडावं लागे.

आता गंमत अशी, की पहिला कोण हे ठरवायचं काम माझ्याकडेच आलं होतं.

मी नटबोल्टच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. मी पाच हजार वॉशर मोजले म्हणजे ते पाच हजारच असतात, पुन्हा मोजायची कुणाची छाती होत नाही. ही ख्याती ऐकूनच आमच्या एमएमए क्लबच्या कोचनी पहिल्या वर्षी मला नोंदवहीवर बसवलं. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, पकडी, सगळं एकाच पिंजऱ्यात. मी आयुष्यात झुरळसुद्धा चपलेने मारलेलं नाही, पण त्या पिंजऱ्याबाहेरच्या टेबलावर बसून मी जे बघितलं, त्याने माझे डोळे दिपले. क्लबला दहा वर्षं झाली, तेव्हा कोच म्हणाले, ‘‘वही तुमच्याकडे आहे. दशकातले सर्वोत्तम दहा काढा. रविवारी सगळ्यांसमोर वाचा.’’

‘‘काढतो की,’’ मी म्हणालो. ‘‘आकडे बोलतील, मी फक्त ओठ हलवीन.’’

आमच्या वहीत प्रत्येक फायटरला एकेक पान. डावीकडे प्रतिस्पर्धी, उजवीकडे निकाल. निकाल मी थोडक्यात लिहितो. गळ्याच्या पकडीत समोरचा बेशुद्ध झाला, तर ‘झो.’, म्हणजे झोपवलं. मधली तीन वर्षं माझी कारखान्यात संध्याकाळची पाळी होती, तेव्हा वही क्लबच्या डॉक्टरांनी सांभाळली. माझ्याच पद्धतीने, माझ्याच खुणा वापरून. निदान मी तसं समजत होतो.

गुण मी असे ठरवले: नुसत्या जिंकण्याला एक, आडवं पाडण्याला दोन आणि ‘झो.’ला तीन. कारण झोपलेला माणूस पंचांशी वाद घालत नाही. डॉक्टरांच्या नोंदींत अधूनमधून ‘ठीक’ असा शब्द होता. ठीक म्हणजे बरी झाली लढत, असं मी धरलं आणि अर्धा गुण दिला. पक्षपात करायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. मेहुण्याचं पान मी शेवटी उघडलं, कारण माझ्या काळातल्या नोंदींत तो बहुतेक हरलेलाच होता, आणि वाईट बातमी जितकी उशिरा तितकी बरी.

डॉक्टरांच्या तीन वर्षांत अकरा ‘झो.’

मी चष्मा पुसला. अकराच होते. तेहतीस गुण. दुसऱ्या नंबरला अठ्ठावीस.

वॉशर मी तीनदा मोजतो. हे एकदाच मोजलं. बेरीज आपल्याला हवी तशी आली, की पेन आपोआप बंद होतं.

‘‘आमचा हा? पहिला?’’ बायको म्हणाली. ‘‘अहो, त्याला लोणच्याची बरणी उघडत नाही.’’

‘‘बरणी उघडणं वेगळं, गळा बंद करणं वेगळं.’’

‘‘परत एकदा बघा.’’

‘‘वहीत आहे,’’ मी म्हणालो.

मग मी फाटकाला, म्हणजे मेहुण्याला उठवलं आणि सांगितलं. तो सोफ्यावर उठून बसला.

‘‘भाऊजी, नक्की? मला त्या अकरा लढतींचे शेवट नीट आठवतच नाहीत.’’

‘‘मोठी माणसं आपलं काम लक्षात ठेवत नाहीत,’’ मी म्हणालो. त्याची नम्रता बघून मला भरून आलं. त्याची बॅग कुठल्या माळ्यावर आहे, तेही मी लगेच बघून ठेवलं.

रविवारी सकाळी हॉलमध्ये साठ खुर्च्या, पुढच्या रांगेत फायटर, मागे नव्या वर्गात नाव घातलेली माणसं. मी दहापासून वाचायला सुरुवात केली आणि खरं सांगतो, माझा आवाज चढत गेला. आठवा होता ‘शटर’. याचे दोन हात एकदा चेहऱ्यासमोर खाली आले, की आत माशी जात नाही. चौथा ‘ओलं पोतं’. दिसायला ढिला, पण अंगावर पडला की समोरच्याला आपली सगळी पापं आठवतात, आणि तो हात आपटून सुटका मागतो. टाळ्या पडत होत्या. मग मी दुसरा वाचला, ‘बिजागरी’, ज्याचे गुडघे दोन्हीकडे वळतात अशी वदंता आहे.

मात्र मधे सातवा नंबर वाचला तेव्हा टाळी पडली नव्हती. सातव्या होत्या सिस्टर.

सिस्टर म्हणजे खऱ्याच नर्स. दोन गल्ल्या पलीकडच्या इस्पितळात. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या. त्या मागून गळ्यात हात घालतात तेव्हा आजीने स्वेटर चढवावा तसं वाटतं, आणि चौथ्या सेकंदाला माणूस गाढ. मग त्या त्याला हळूच खाली निजवतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्याची नाडी मोजतात. एवढी सुंदर पकड मी दुसरी बघितलेली नाही. त्या सातव्या आल्याचं मलाही वाईट वाटलं होतं, पण डॉक्टरांच्या तीन वर्षांत नुसतं ठीक, ठीक, ठीक. चौदा वेळा.

‘‘आणि दशकातला पहिला,’’ मी म्हणालो आणि मेहुण्याच्या टोपणनावाने पुकारा केला, ‘‘लांबण! तीन वर्षांत अकरा वेळा झोप!’’

मेहुणा अर्धा उठला आणि तसाच राहिला.

सिस्टर उभ्या राहिल्या. ‘‘मोजणी बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अकराच. त्यांतल्या चार माझ्या.’’

‘‘तुमच्या म्हणजे?’’

‘‘म्हणजे याला चार वेळा मी झोपवलंय. बाकीच्या सात इतरांनी वाटून घेतल्या.’’

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

‘‘डॉक्टर, तुम्ही याच्या पानावर ‘झो.’ लिहिलंय.’’

‘‘बरोबर. झोपला.’’

‘‘कोण?’’

‘‘ज्याचं पान तो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘ज्याचं पान तो पेशंट. पेशंटला काय झालं ते लिहायचं. समोरच्याचं त्याच्या पानावर.’’

‘‘आणि सिस्टरच्या पानावरचं ‘ठीक’?’’

‘‘सिस्टर ठीक होत्या. नेहमीच असतात.’’

पहिला मोठा हशा शटरचा होता. त्यानंतरचे मी मोजले नाहीत. कोचनी माझ्या हातातून वही घेतली, ती सिस्टर आणि डॉक्टरांच्या मधे ठेवली आणि बेरीज सगळ्यांसमोर पुन्हा झाली. सिस्टर पहिल्या, आणि दुसऱ्यापेक्षा इतक्या पुढे की मधे एक खुर्ची रिकामी ठेवावी. मेहुणा अकरावा. यादी दहांची होती.

तो खाली बसला. मला वाटलं, आता हा दारातून निघून जाईल, आणि माझ्यामुळे जाईल. पण तोच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होता, सिस्टरसाठी, डोक्यावर हात नेऊन.

‘‘सिस्टर, खोली तुमची,’’ कोच म्हणाले. ‘‘आणि सकाळचा वर्ग.’’

‘‘खोली घेते, ड्यूटीला जवळ पडेल. वर्ग नको, सकाळी मी वॉर्डात असते.’’ त्यांनी मेहुण्याकडे बोट केलं. ‘‘वर्ग याला द्या.’’

‘‘अकराव्याला?’’

‘‘सर, हा अकरा वेळा झोपला आणि अकराही वेळा पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन गाद्या झाडत होता. एकदासुद्धा माझ्यावर रुसला नाही. उलट विचारायचा, सिस्टर, माझी हनुवटी कुठे चुकली? या नव्या लोकांना पहिल्या महिन्यात काय येणार आहे? हरायलाच येणार. ते याच्याइतकं नीट कोण शिकवेल?’’

मागच्या रांगेतली नवी माणसं चुळबुळली. एक जाडजूड शिंपी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘मला हेच सर पाहिजेत.’’ मग बाकीचेही हेच म्हणाले. मेहुण्याचा चेहरा असा झाला, की मी पटकन चष्मा पुसायला घेतला.

घरी आलो तर बायको दारातच.

‘‘खोली?’’

‘‘सिस्टरना.’’

‘‘वर्ग?’’

‘‘याला.’’

‘‘म्हणजे राहणार इथेच. वर्ग किती वाजता?’’

‘‘साडेपाचला, ताई,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘पण शिकवायचं म्हणजे आधी घरी तयारी करायला हवी. साडेचारला उठेन. समोर कुणीतरी लागेल.’’

दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

आज या गोष्टीला दोन महिने झाले. मी पहाटे साडेचारला सोफ्याशेजारी गुडघ्यावर बसलेला असतो आणि मेहुणा मागून म्हणतो, ‘‘भाऊजी, हनुवटी खाली. नाही, अजून खाली. हां, आता सुटून दाखवा.’’ मला सुटता येत नाही. पोरगा शिकवतो मात्र फार छान. वर्ग दुप्पट झालाय.

तर एकूण जमाखर्च असा. सिस्टरना मान मिळाला, मेहुण्याला मान मिळाला, डॉक्टरांच्या नोंदींनासुद्धा मान मिळाला. आणि मान धरली गेली ती माझी.