हेडक्लार्कांची गाठ

बायोप्सी करायची की नाही, एवढंच हेडक्लार्कांना ठरवायचं होतं. त्यांच्या छातीत डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ होती आणि स्तनाची गाठ पुरुषांनाही होते, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. पण तीस वर्षं लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवणारा माणूस तो! त्यांनी गाठीतही त्रुटी काढली.

"हा बायकांचा आजार. माझ्याकडे चुकून आलाय."

"मग आपणहून परत जाणारे का तो?" बायको म्हणाली. "सुई टोचायची, कणभर तुकडा तपासायचा. तीन आठवडे झाले! माझा जीव टांगणीला लागलाय हो."

शेवटी ठरवण्यासाठी म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. आता कारण काय लिहायचं? गाठ लिहिली तर कचेरीभर हसं. त्यांनी ठोकून दिलं: हृदयविकार.

झालं! तासाभरात त्यांचं टेबल तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आलं. टायपिस्टबाईंनी त्यांच्या चहातली साखर बंद केली, मग दूध, मग चहाच. "दगदग नको, भाऊसाहेब," म्हणत शिपायाने हातातलं पेनसुद्धा काढून घेतलं. आणि झुपकेदार मिशांचे साहेब, ज्यांच्यापुढे अख्खी कचेरी चळाचळा कापे, ते स्वतः गाडी काढून त्यांना हॉस्पिटलात घेऊन निघाले.

"साहेब, मी जातो की एकटा."

"बोलू नका! हृदयावर ताण येतो."

हृदयविभागाच्या वाटेवर नेमका स्तनतपासणीचा कक्ष लागला. हेडक्लार्क मान खाली घालून सटकत होते, तेवढ्यात नर्सबाईंनी गाठलंच.

"अहो काका, बायोप्सीचं काय ठरलं? गाठ अशी ठेवून चालत नाही!"

बाकावरच्या सात-आठ बायका वळून बघू लागल्या. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, हृदय ठणठणीत आहे माझं. गाठ आहे. लोक काय म्हणतील, म्हणून नकोच म्हणतोय मी. आणि खरं सांगू? भीती वाटते."

साहेबांनी मागेपुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागच्या वर्षी मी महिनाभर रजेवर होतो. आठवतं?"

"हो तर. मूळव्याध. आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हाला भोकाची उशी दिली होती."

"हीच गाठ होती. तीही सहा महिने लपवलेली. थोडक्यात वाचलो. चला आत, मी इथेच बसतो."

हेडक्लार्क मुकाट्याने शर्टाची बटणं काढू लागले. दारात मात्र त्यांना राहवेना.

"पण साहेब, मूळव्याध कशाला सांगितलीत?"

"हृदय सुचलंच नाही हो!" साहेब हळहळले.