दोन ‘त’ची हत्त्या

आधीच सांगून टाकतो, कॉमेंट कशी लिहावी हे या जगात फक्त मला कळतं. बाकी कुणाला कळत नाही. तुम्हालाही कळत नसणार. राग आला असेल तर येऊ द्या, पण सभ्य शब्दांत येऊ द्या!

‘सात शिंगांचं राज्य’ नावाची एक चित्रकथा आहे. इंटरनेटवर दर शनिवारी सकाळी तिचा नवा भाग येतो. राक्षस, उडते डोंगर, बोलणारी तलवार, सगळा माल आहे. एक बाई एकटीच काढते. आम्ही तिला चित्रकारबाई म्हणतो. चित्रांच्या खाली कॉमेंटची जागा आहे आणि तिथे चार हजार लोक रोज येऊन वाट्टेल ते लिहितात. कुणी भाग वाचायच्या आधीच ‘पहिला!’ म्हणून ओरडतं. अरे, पोत्यात पाय घालून पळतोयस का? कुणी शेवटच्या चित्रापर्यंत पोचायच्या आत विचारतं, ‘पुढचा भाग कधी?’ ताटात पहिला घास वाढला की रात्री काय आहे विचारणारी ही जमात! एकाने तर राक्षसाच्या हाताची बोटं मोजून ‘सहा आहेत’ अशी तक्रार केली. राक्षस आहे तो! त्याला किती बोटं असावीत हे तू कोण ठरवणार?

या गर्दीवर नजर ठेवायला चित्रकारबाईंनी मला राखणदार नेमलं. माणूस बरोबर निवडला. दिवसा मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी घेतो. एक टेबल, एक टेलिफोन, एक तक्रारवही आणि भिंतीवर एकवीस इमारतींच्या किल्ल्या. लोक लिफ्टमध्ये अडकतात आणि शिव्या मला देतात. सभ्यपणाची भूक मला लागणार नाही तर कुणाला लागणार?

तर भांडण पेटलं ते राणीवरून. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या भागापर्यंत ती साधी मेंढरं राखणारी पोरगी होती. सगळे लिहायचे, ‘ती आली, ती घसरली, ती चिखलात पडली.’ पुढच्या भागात तिच्या डोक्यावर मुकुट चढला. झालं! अर्धे म्हणाले, आता ‘त्या आल्या’ असं लिहा. अर्धे म्हणाले, परवा चिखलात पडलेली आज एकदम ‘त्या’ कशी?

विरोधकांचा म्होरक्या होता ‘चिडकं कासव’. हे टोपणनाव. नावाला कासव, पण उत्तर टाकायचा विजेच्या वेगाने.

‘तिला आम्ही लहानाची मोठी केली,’ कासवाने लिहिलं. ‘आम्ही तिला तीच म्हणणार.’

‘दरबाराचा काही शिष्टाचार असतो,’ मी लिहिलं.

‘तू दरबारी आहेस का रे?’

‘अरेतुरे करू नकोस!’

‘तूच करतोयस!’

अशी तीनशे उत्तरं झाली. मग चित्रकारबाईंचा फोन आला.

“राखणदार, या शनिवारी दोनशेवा भाग. त्यात एका खऱ्या वाचकाला दरबारात उभं करणार आहे. हुबेहूब चेहरा.”

“मिशीसकट?” माझा हात आपोआप मिशीवर गेला.

“मिशीसकट. हा आठवडा कॉमेंटमध्ये एकही भांडण होऊ द्यायचं नाही. जमलं तर तो वाचक तुम्ही.”

“जमलंच म्हणून समजा!”

मला आजवर कुणी पाहिलेलंच नाही हो. शाळेच्या फोटोत मी पुढच्या मुलाच्या कानामागे आहे. लग्नाच्या अल्बममध्ये मी हसलो की नेमका कुणाचा तरी हात आडवा आलाय. आणि आता चार हजार लोकांसमोर, राणीच्या शेजारी, मिशीसकट! त्यासाठी मी जगाला सभ्य करायला तयार होतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत केलंच. राखणदाराला एक गुप्त सोय असते. आपण एक यादी द्यायची, की अमुक अक्षरं दिसली की तिथे तमुक घाल. मी तीनच ओळी लिहिल्या. ‘ती’च्या जागी ‘त्या’. ‘तो’च्या जागी ‘ते’. ‘तू’च्या जागी ‘आपण’. गंमत अशी की लिहिणाऱ्याला आपलं वाक्य जसंच्या तसं दिसत राहतं. बदललेलं दिसतं ते फक्त बाकीच्यांना. म्हणजे माणसाला पत्ताही न लागता तो सभ्य होणार! मी डब्याचं झाकण लावलं आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

एकच गोष्ट राहिली. यंत्राला शब्द कळत नाहीत, नुसती अक्षरं कळतात. शब्दाच्या पोटात शिरूनही ते अक्षर बदलतं. हे मला माहीत नव्हतं.

मंगळवारपासून कॉमेंटमध्ये चमत्कार झाला. सगळीकडे बायकाच बायका! ‘मी बसमध्ये वाचते.’ ‘मी जेवताना वाचते.’ ‘मी साहेब बाहेर गेले की वाचते.’ मी म्हटलं, बघा! वातावरण स्वच्छ केलं की बायका कशा निर्धास्त येतात! आणि कासवही बाई निघाली! ‘मी माझं म्हणणं मागे घेते, ताई. राणीला आदरानेच हाक मारते.’

ताई? मी लगेच लिहिलं, ‘ताई काय? मी चांगली मिशी ठेवतो!’

कासवाचं उत्तर आलं, ‘ठेवा की, ताई. आमची काहीच हरकत नाही.’

लोकांचं शुद्धलेखन मात्र एका रात्रीत नासलं होतं. ‘राणीला भीत्या वाटत नाही.’ ‘सेनापत्या गप्प का?’ ‘लोहाराचा हातेडा कुठाय?’ ‘जादूची वस्आपण हरवली.’ मी एकेकाला झाडलं. ‘शाळेत गेला होतात की नुसते शाळेवरून?’ तेही मला उलट झाडत होते, की बाई, आधी स्वतःचं बघा. पण सगळं कसं ‘आपण’ आणि ‘ताई’ लावून, त्यामुळे त्याला भांडण म्हणता येत नव्हतं.

गुरुवारी चित्रकारबाईंनी दोनशेव्या भागाचं कच्चं चित्र फक्त मला पाठवलं. दरबार, राणी, आणि तिला भेट आलेला पांढराशुभ्र हत्ती. हत्तीच्या बाजूला एक मोकळी जागा. तिथे मी!

आता, पुढची गोष्ट आधी फोडायची नाही हा कॉमेंटचा सगळ्यात मोठा नियम. मीच लिहिलेला. पण राखणदाराने थोडंसं फोडलं तर त्याला फोडणं म्हणत नाहीत, सूचना म्हणतात. शुक्रवारी दुपारी ऑफिसात बसून मी सूचना दिली, ‘उद्या दरबारात हत्ती! मी स्वतः चित्र पाहिलंय!’

‘हत्ती’च्या शेवटी ‘ती’ आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मला माझ्या पडद्यावर हत्ती दिसत होता. चार हजार लोकांना दिसली हत्त्या!

‘अरे देवा!’ पहिलं उत्तर.

‘कुणाची??’ दुसरं.

मला संताप आला. हत्ती कधीपासून ‘कुणाची’ व्हायला लागला? मी लिहिलं, ‘कुणाची नाही, कुणाचा म्हणा! राणीचा!’

‘म्हणजे खूनच! राणीचा खून!’

‘मी आजारी पडते!’

‘खून कसला?’ मी बोटं आपटत लिहिलं. ‘हत्या नाही हो, हत्ती! हत्ती!’

त्यांनी वाचलं, ‘हत्या नाही हो, हत्त्या! हत्त्या!’

एकाने विचारलं, ‘म्हणजे दोन त वाली?’

‘साधीपेक्षा वाईट असते का?’

‘एक त ची घाईत होऊन जाते,’ कासवाने समजावलं. ‘दोन त ची ठरवून करतात.’

एका शहाण्याने बरोबर ओळखलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्याने लिहिलं होतं, ‘हत्ती म्हणायचंय का?’ पण मला दिसलं ‘हत्त्या म्हणायचंय का?’ आणि मी ठणकावून लिहिलं, ‘नाही! नाही! नाही!’

इतक्यात टेबलावरचा टेलिफोन वाजला.

“हॅलो, आमची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलीय!”

“हत्ती!” मी ओरडलो.

“काय?”

“हत्ती हो, हत्ती! किती वेळा सांगायचं माणसाने!”

“लिफ्टमध्ये?” पलीकडचा आवाज चिरकला. “नाही हो साहेब, आम्ही तिघंच आहोत. त्यातली एक तर बारीक आहे!”

मी माणूस पाठवला, तिघं सुखरूप निघाली. तक्रारवहीत ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात मात्र माझ्याच अक्षरात ‘हत्ती’ लिहिलेलं आहे. साहेबांनी ते अजून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी घरी आलो ते डोकं धरून. तोंड धुवायला आत गेलो आणि फोन बाहेर राहिला. बायको बेकरीत केक सजवते. ती नुकतीच आली होती, कोपराला गुलाबी क्रीम तसंच होतं.

“अहो,” बाहेरून आवाज आला. या ‘अहो’त आदर अजिबात नव्हता. “हे कासव कोण?”

“विरोधक आहे.”

“विरोधक?” तिने वाचून दाखवलं. “‘मी रोज दुपारी तुमच्या कॉमेंटची वाट पाहते. तुम्ही रागावलात की दिवस कसा छान जाते.’ असा विरोध करतात?”

“बाई आहे ती, अगं. मी काय करणार?”

“काय करणार? तुम्ही रागावलात की हिचा दिवस छान जातो! माझा का नाही जात मग? फोन लावा तिला.”

“नंबर नाही माझ्याकडे.”

“मग आवाजात निरोप पाठव म्हणावं. आत्ताच्या आत्ता! बघू दे किती गोड गळा आहे.”

मी मुकाट्याने विनंती केली. मिनिटभरात निरोप आला. बायकोने तो मोठ्याने लावला. गळा कसला, रिकाम्या टाकीत दगड पडावा तसा आवाज!

“नमस्कार ताई, कासव बोलतोय. पाण्याचे पंप दुरुस्त करतो. ताई, तुम्ही मिशी ठेवा, दाढी ठेवा, पण हत्या कुणाची ते तेवढं सांगून टाका. दुकानात दोन माणसं काम सोडून बसलीत. एकाने पंप उलटा जोडला.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. “हा तर पुरुष आहे.”

“दिसतंय.”

“आणि ताई कोण?”

मी भिंतीकडे पाहिलं. तिने स्वतःच्या फोनवर कॉमेंट उघडल्या आणि वाचायला लागली. “‘ताई काय? मी चांगली मिशी ठेवते!’ हे तुम्ही लिहिलंय?”

“ठेवतो! ठेवतो असं लिहिलंय!”

“‘हत्या नाही हो, हत्त्या! हत्त्या!’ हेही तुम्हीच?”

मी तिच्या हातून फोन ओढला. तिच्या पडद्यावर माझा एकही हत्ती शिल्लक नव्हता. सगळे मेले होते. आठवडाभर मी चार हजार लोकांसमोर बसते, बोलते, मिशी ठेवते करत होतो! ‘तो’चं ‘ते’ केलं तेव्हा ‘ठेवतो’च्या पोटात ‘तो’ आहे हे कोणत्या गाढवाला सुचलं नाही? बायको जमिनीवर बसली होती. हसून हसून क्रीम कोपरावरून गुडघ्याला लागलं.

मी यादी पुसली. तेवढ्यात चित्रकारबाईंचा फोन.

“राखणदार, दोन हजार सहाशे कॉमेंट! प्रत्येकाला हत्या हवीय. माझा हत्ती गरीब आहे हो, त्याला फुलं खाताना काढलंय!”

“बाई, मी सगळं सांगतो.”

“सांगतो की सांगते?”

मी धीर करून विचारलं, “माझा चेहरा?”

“भांडण झालं नाही, हे खरं आहे. सगळे एकदिलाने तुमच्यावर ओरडत होते, त्याला भांडण म्हणत नाहीत. मी दिलेला शब्द पाळते. तुम्हाला दरबारात काढते.”

“उभं ना?”

“आडवं,” बाई म्हणाल्या. “लोकांना हत्या मिळेल, मला हत्ती मिळेल. कागदावर जागा तेवढीच आहे.”

शनिवारी सकाळी आठला भाग आला. दरबार झगमगत होता. राणी खुशीत. मधोमध हत्ती फुलं खात बसला होता. हो, बसला होता! आणि त्याच्या खालून बाहेर आले होते दोन पाय. बाण काढून लिहिलं होतं, ‘राखणदार’. लोक खूश! ‘दोन त वालीच निघाली!’ ‘ताई गेल्या, पण बोलल्याप्रमाणे गेल्या.’ कासवाने लिहिलं, ‘कुणीतरी हत्तीला विचारा, मिशी टोचत नाही ना?’

पण चित्र ते चित्र. मी फोन घेऊन धावत स्वयंपाकघरात गेलो. “बघ! मी! दोनशेव्या भागात!”

बायकोने दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, डोळ्यांजवळ नेलं.

“हे तुम्ही नाही.”

“नाही कसा? नाव लिहिलंय!”

“नखं बघा. कापलेली आहेत.”

चित्रकारबाईंची मेहनत खोटी पडायला नको, म्हणून मी नेलकटर शोधायला गेलो.