कॅरमच्या पावडरीवरचं कपाट

"बाबा, थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हलली की कमी. असं का?"

संपदाने विचारलं आणि आत्मारामरावांनी हातातला पेपर खाली ठेवला. अकरा वाजता भाईंदरला तिची बारावीच्या फिजिक्सची तोंडी परीक्षा होती. घर्षण हा धडा आठवडाभर घोकूनही डोक्यात शिरत नव्हता आणि भीतीने तिने नाश्त्यालाही हात लावला नव्हता. गिरगाव सोडून मीरा रोडच्या ब्लॉकमध्ये आल्यापासून फ्यूज बांधणं, अँटेना फिरवणं हे विज्ञानखातं आत्मारामरावांकडेच होतं.

"घोकून काय कळणार? चल, कपाट ढकलून बघू," ते म्हणाले.

आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट दाराशेजारी होतं. आत उघडणारं दार आड येतं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. बापलेकीने जोर लावला, पण कपाट तसूभरही हललं नाही.

"हे तुझं थांबलेल्या वस्तूचं घर्षण. आता ते कमी करायचं," आत्मारामराव धापा टाकत म्हणाले. त्यांनी कॅरमच्या पावडरीचा डबा कपाटाखाली आणि आजूबाजूला पार रिकामा केला. हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दोघांनी पलंगाला पाय टेकवून पुन्हा रेटा दिला. आधी काहीच झालं नाही, मग कपाट एकदम सुटलं आणि सरकत जाऊन थेट दारासमोर थांबलं.

"कळलं?"

"कळलं बाबा," संपदा खुशीत म्हणाली आणि मग तिने दाराकडे पाहिलं. "पण मी परीक्षेला जाऊ कशी?"

पलीकडून ढकलायला गेले तर पाय टेकवायला काहीच नव्हतं. खाली नुसती पावडर. आत्मारामराव जोर लावत आणि स्वतःच मागे घसरत. कपाट ढिम्म.

"आत काय चाललंय? सव्वादहा झाले," बाहेरून संपदाची आई मृणालिनीबाई ओरडल्या.

"प्रॅक्टिकल," आत्मारामराव लादीवर बसून म्हणाले. पोरीचं वर्ष आपणच बुडवणार असं त्यांना वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पालीहून मासे घेऊन येणाऱ्या मनोरमामावशी बाहेरच्या दारात टोपली टेकवून उभ्या राहिल्या. मृणालिनीबाईंनी आतून कळलेली सगळी हकिगत त्यांना सांगितली.

"अवो साहेब," मावशी खोलीच्या बंद दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आमी होडी वढताना तेल खालच्या फळ्यांना लावतो, आपल्या पायाला न्हाय. पायाखालची लादी पुसा आदी."

पुसायला हाताशी मृणालिनीबाईंची नवी चादर तेवढी होती. त्या चादरीने दोघांनी लादी पुसली, तळवे पुसले. कपाटाखाली पावडर होतीच. एका रेट्यात कपाट दारासमोरून बाजूला झालं. संपदा हॉलतिकीट घेऊन रिक्षाकडे पळाली. मृणालिनीबाईंनी चादर उचलून बघितली आणि ती आत्मारामरावांच्या हातात देऊन न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

दुपारी संपदा हसत घरी आली. "बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं, घर्षण कमी केलं तर फायदा की तोटा? मी म्हटलं, कुठे कमी करताय ते सांगा, कपाटाखाली की पायाखाली? सर इतके खूश झाले, म्हणाले, हे कुणी शिकवलं तुला?"

आत्मारामरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "मग? नाव सांगितलंस ना?"

"सांगितलं की. मनोरमामावशी, पाली."