मूळ सिद्ध करा

आमच्या अदिस अबाबात मेलेल्या माणसाला पुरायची परवानगी लगेच मिळते. दगडावर त्याचं नाव कोरायचं तर नावाचं मूळ सिद्ध करावं लागतं. नियम योग्यच आहे. नाव तीन व्यंजनांच्या मुळातून उगवतं, मुळाला अर्थ असतो, आणि खोटा अर्थ दफनभूमीत उभा राहिला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची फसवणूक होते.

माझ्या बायकोचं नाव सेलामावित. मूळ स-ल-म, म्हणजे शांती. पाथरवटानं दगडावर क्रूस कोरला आणि छिन्नी खाली ठेवली. "शिक्का आणा, मग नाव." ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण तोंडावर आलं होतं. बिननावाच्या दगडापुढे पाहुण्यांना कसं उभं करू?

मूळ-पडताळणी अधिकारी देस्ता. देस्ता म्हणजे आनंद. चेहऱ्यावरून त्यांची स्वतःची पडताळणी प्रलंबित दिसत होती.

"गाशे, तुम्ही वडीलधारे, खरं सांगा. बाई शांत होत्या?"

"नाही." खोटं बोललो असतो तर तिनं कबरीतून झापलं असतं.

"मग दुसरं नाव घ्या. भांडणाची दोन मुळं शिल्लक आहेत."

"तिच्या आईनं ठेवलंय हो ते."

"आईनं आशा ठेवली. आम्ही पुरावा मागतो."

साक्षीला शेजारीण वर्कनेश आली. "शांत? ती? माझ्या कोंबड्यावरून रोज तोंड सोडायची! कॉफीच्या तिसऱ्या पेल्यापर्यंत भांडायची, आणि तो आशीर्वादाचा पेला मात्र आधी मलाच द्यायची." मग शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "आता मी भांडू कुणाशी? गेली मेली निघून!"

अश्रू अग्राह्य ठरवून देस्ता घराच्या पाहणीला आले. चुलीपाशी थांबले, भिंतीला कान लावला. मी चिखलाचे बूट घालून चटईवर उभा होतो. कुणी काही बोललं नाही.

"इथं कधीपासून एवढं शांत आहे?"

"ती गेल्यापासून."

"अहो, मग आधी सांगायचं!" देस्तांचा चेहरा फुलला, त्यांचीही पडताळणी तिथेच उरकली. "बाईंनी घरात शांती आणली. मूळ सिद्ध. अंमल मृत्यूच्या तारखेपासून."

"साहेब, मला ही शांती नको."

"मंजूर झालेलं परत घेता येत नाही, गाशे."

नाव कोरलं. सुबक आलंय.

तुमच्या घरात आत्ता कुणी ओरडत असेल, "बूट काढा आधी!" आणि तुम्ही पुटपुटत असाल, जरा शांतता मिळेल का? जपून पुटपुटा. मिळते.