राखसम्राट आणि कारध्याचे सेवकराम

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वंशावळ लिहिण्यात अख्ख्या साकोली तालुक्यात माझा हात धरणारा कारकून नाही. (हे मी म्हणत नाही. म्हणजे मीच म्हणतो, पण अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.) बावीस वर्षांत माझी एकही वंशावळ परत आलेली नाही. खापरपणजोबा कितीही लपून बसलेला असो, मी त्याला हुडकून चौकटीत बसवतोच.

आता एवढी विद्या फक्त ऑफिसात वापरायची, हा तिचा अपमान झाला. म्हणून मी ठरवलं, 'ग्रिमफर्नेस' आणि 'ड्राउन्ड बेल' या दोन व्हिडिओ गेममधल्या लोकांचीही वंशावळ काढायची.

हे दोन्ही गेम मी रोज जेवण झालं की खेळतो. दोन्हींत सदा अंधार, जो भेटेल तो शापित, आणि दर दोन मिनिटांनी मी मरतो. कंपन्या वेगळ्या, देश वेगळे. पण पहिल्या गेममधली तुटक्या कानाची घंटा दुसऱ्या गेममध्येही टांगलेली आहे, हे माझ्या अनुभवी नजरेतून सुटलं नाही. याचा अर्थ सरळ होता. दोन्हींचं जग एकच, आणि पहिल्यातला राखसम्राट हा दुसऱ्यातल्या राजकन्येचा सख्खा पणजोबा! अशा थिअऱ्या मांडायला आमचा तीनशे मराठी गेमरांचा एक ग्रुप आहे. त्याचा अ‍ॅडमिन गोंदियाचा कोणी अमर. त्याने माझ्या आधीच्या अकरा थिअऱ्या 'पटत नाही' एवढ्या दोन शब्दांत उडवल्या होत्या. बाराव्या खेपेला मी पुरावाच समोर ठेवणार होतो. फुलस्केप कागदावर, समास सोडून, रीतसर वंशावळ.

नेमकी त्याच संध्याकाळी बायकोने, म्हणजे हर्षाने, आठवण करून दिली.

"प्रतिक्षाची वंशावळ झाली का? उद्या शेवटचा दिवस हाय, मालूम हाय ना तुमाले?"

प्रतिक्षा माझी मेहुणी. माझे सासरे म्हणजे कारध्याचे सेवकराम. (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) मामाजींच्या वडिलांची धानाची जमीन गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेली. त्याबद्दल मिळालेला प्रकल्पग्रस्ताचा दाखला प्रतिक्षाच्या नावावर झाला, तर तिला नोकरीत राखीव जागा मिळणार होती. सोमवारी तिची कागदपत्रं तपासणार होते. पोरीने चार वर्षं अभ्यास केला होता आणि आता सगळं एका वंशावळीवर अडलं होतं.

"तू कायले टेन्शन घेऊन राहिली?" मी म्हणालो. "दहा मिनिटांचं काम."

दोन्ही वंशावळी एकाच टेबलावर, एकाच पेनाने झाल्या. सकाळी एकीचा फोटो ग्रुपवर टाकला, दुसरी पाकिटात घातली आणि निघताना हर्षाला सांगितलं, "टेबलावर उरलेला कागद फाडून टाक, त्याचं काम झालं." (चष्मा? वंशावळ लिहायला मला चष्मा लागत नाही. नुसती वाचायला लागतो.)

भंडाऱ्याच्या कार्यालयाबाहेर मामाजींनी 'वरील मजकूर वाचून, समजून' या ओळीखाली अजिबात न वाचता सही ठोकली. जावयाची वंशावळ कधी परत येत नाही, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. खिडकीमागे उषाबाई नावाच्या मॅडम बसल्या होत्या.

"वाचा मॅडम," मी रुबाबात म्हणालो. "एक काना चुकला असेल तर सांगा."

मॅडम वाचू लागल्या. "मूळ पुरुष, राखसम्राट." त्यांनी मामाजींकडे पाहिलं. "हे कोण लागतात तुमचे?"

पाकिटात भलताच कागद गेला होता! पण मामाजींनी 'वाचून, समजून' सही केलेली. ते माघार कशी घेणार?

"असतीन जी. आमच्या आज्याच्या इकडले."

"यांचा तीन वेळा मृत्यू झाल्याची नोंद आहे."

"त्या टाईमले दवाखाना कुठी होता जी? अंदाजानंच सांगत."

"पत्नी, शापित सरोवराची राणी."

"सरोवर म्हंजे तलावच ना? आमच्याकडं सगळ्याइच्या बायका तलावाकडच्याच राहतेत."

"व्यवसाय, मुंडकी छाटणे."

मामाजींनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "धानकापणी असन," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"शिवाय ही आई स्वतःच्या लेकीपेक्षा चाळीस वर्षांनी लहान आहे," मॅडम म्हणाल्या. "नातं सिद्ध होत नाही." आणि त्यांनी लाल पेनाने माझ्या तीन महिन्यांच्या थिअरीवर फुली मारली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षांत पहिली फुली! मला सहन झालं नाही.

"मॅडम, ती घंटा वाजली की त्या राज्यात काळ उलटा फिरतो! घंटेचा कान बघा ना!"

"तसा पुरावा जोडलाय?"

"जिजाजी," प्रतिक्षा हळूच म्हणाली, "हे तुमचं गेम हाय ना?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (गेममध्ये मी हजारदा मेलो असेन, पण असं कधी झालं नव्हतं.)

"पाचच्या आत खरी आणा," मॅडम म्हणाल्या. चार वाजत आले होते. मी हर्षाला फोन लावला.

"तो टेबलावरचा कागद कुठे आहे?"

"फाडून घंटागाडीत टाकला ना! तुम्हीच त म्हनलं."

पूर्वजांच्या सगळ्या तारखा त्या एकाच कागदावर होत्या. मामाजी बाकावर टेकले. "राहू द्या जवाईबापू, होते असं," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोन सकाळपासून खिशात सारखा थरथरत होता. बंद करावा म्हणून काढला, तर ग्रुपवर दोनशे मेसेज. चष्मा लावून पाहिलं. सकाळी मी ग्रुपवर टाकली होती ती मामाजींची अस्सल वंशावळ, चार पिढ्यांची, शिक्क्याला जागा सोडलेली!

उभ्या उभ्या मी ती फोनवरून नव्या कागदावर उतरवली. या वेळी मामाजींनी एकेका नावावर बोट ठेवून वाचलं, प्रतिक्षाने वाचलं, रांगेतल्या दोघांनी वाचलं, आणि मग सही झाली. पाचला दहा कमी असताना उषाबाईंनी शिक्का मारला. प्रतिक्षाने तो कागद छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला.

"अन् ग्रुपवाले काय म्हनून राहिले?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. 'जमीन पाण्याखाली गेली' हा शेरा पाहून सगळे पेटले होते. हेच ते 'ड्राउन्ड बेल'मधलं बुडालेलं राज्य! सेवकराम हाच शेवटचा बॉस, त्याला हरवणं अशक्य! आणि अमरने सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं, 'या माणसाची पहिलीच पटणारी थिअरी.'

"बॉस म्हंजे?" मामाजींनी विचारलं.

"सगळ्यात मोठा राजा, बाबा," प्रतिक्षा म्हणाली.

मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि मोठ्या मनाने माझ्याकडे वळले. "अन् आमचे जवाईबापू कोण हायेत त्याच्यात?"

मी कागद वरून खाली पाहिला. मग खालून वर पाहिला. उषाबाईंनी खिडकी लावता लावता सांगितलं, "जावयाचं नाव वंशावळीत येत नसतं."